काकांना गप्प कसं बसवायचं?

पत्र : नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या एका मित्राने सोलापुरात विज्ञानकथा, गूढकथा, अद्भुतकथा लिहिणाऱ्यांसाठी एक कट्टा सुरू केला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा, आमच्यातल्याच एका काकांच्या घरी. सुरुवातीला अकराजण होतो, आता सात उरलोय. पद्धत साधी आहे. ज्याने लिहिलं असेल त्याने वाचून दाखवायचं, मग इतरांनी बोलायचं. पण सहाजण ‘छान, आवडली’ म्हणून मोकळे होतात आणि सातवे, म्हणजे काका, बोलायचे थांबत नाहीत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. वाचन दांडगं, मनाने चांगले. काकू दर वेळी सगळ्यांना पोहे करून घालतात. फक्त कथेतलं शास्त्र चुकलं की काकांना राहवत नाही.

गेल्या महिन्यात बावीस वर्षांची एक मुलगी पहिल्यांदाच कथा घेऊन आली. उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं एक गाव. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी वापरायच्या साठ्याच्याही खाली उतरलं, की एका रात्री तिथल्या गाळावर पूर्वीचा आठवडी बाजार भरतो आणि त्यात फक्त जुनी नाणी चालतात. नायिकेची आजी चार आण्यांची नाणी रुमालात बांधून त्या बाजाराला निघते. इथपर्यंत वाचून झालं आणि काका म्हणाले, “एक मिनिट. इतक्या वर्षांच्या गाळावर माणूस उभाच राहू शकणार नाही.” मग गाळाची खोली, मृतसाठा, पाण्याची पातळी... चाळीस मिनिटं गेली. वाचन तिथेच थांबलं. मुलीने कागद पिशवीत घातले. ती ग्रुपमधून बाहेर पडलेली नाही, पण त्यानंतर एक शब्द बोललेली नाही.

काकांना दुखवायचं नाही, घर त्यांचं आहे. त्यांना गप्प कसं बसवू? आणखी दोन त्रास आहेत. एकजण कल्पना चोरीला जाईल म्हणून कथा दाखवतच नाही. दुसरा स्वतःचं वाचून झालं आणि चहा आला की निघतो.

– एक कट्टेकरी, सोलापूर

उत्तर :

कट्टेकरी,

काकांना गप्प बसवू नका. ते गप्प बसले तर पुढच्या महिन्यापासून सातच्या सातजण ‘छान, आवडली’ म्हणतील, आणि दिवाळीपर्यंत तुमचा कट्टा एकमेकांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालेला असेल. असे तीन ग्रुप माझ्या फोनमध्ये आहेत.

पत्र वाचताना मी अडले ते वेगळ्याच वाक्यापाशी. ‘ज्याने लिहिलं असेल त्याने वाचून दाखवायचं.’ तुमचा सगळा त्रास तिथून सुरू होतो, असं मला वाटतं. आपल्याकडे कथाकथनाची परंपरा मोठी आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन करून सभागृहं भरवली. त्यामुळे चार लिहिणारे जमले की एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ‘वा’ म्हणायचं, हे आपण गृहीतच धरतो. पण कथाकथन हा पक्क्या झालेल्या कथेचा प्रयोग असतो. तुमच्यासमोर येते ती कच्ची कथा. वाचणाऱ्याचा आवाज चांगला असेल तर ढिसाळ परिच्छेदही तरून जातो, आणि त्या मुलीसारखी कुणी थरथरत्या आवाजात, खाली मान घालून वाचत असेल तर चांगलं वाक्यही बुडतं. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. एकदाच ऐकलेल्या गोष्टीबद्दल दोनच गोष्टी बोलता येतात. एक म्हणजे ‘छान’, आणि दुसरी म्हणजे आपल्या ओळखीच्या विषयातली चूक. तुमचे सहाजण पहिली गोष्ट करतात, काका दुसरी. ऐकणाऱ्यांपैकी कुणीच ती कथा वाचलेली नव्हती.

म्हणून पहिला बदल हा करा. कथा बैठकीच्या दहा दिवस आधी सगळ्यांच्या हातात गेली पाहिजे. तीन हजार शब्दांच्या आत, एका बैठकीला दोनच कथा. शक्यतो कागदावर द्या, भरपूर समास सोडून. फोनवर पीडीएफ वाचणारा माणूस बसमध्ये वाचतो आणि खूण कुठेच करत नाही. झेरॉक्सचे पैसे वर्गणीतून काढा. प्रत्येकाने घरी दोनदा वाचायचं. पहिल्यांदा हातात पेन्सिल न घेता, दुसऱ्यांदा घेऊन. खुणा केलेली ती प्रत बैठकीच्या शेवटी लेखकाला द्यायची. तोंडी बोललेलं आठ दिवसांत विसरलं जातं, पण सहा प्रतींमध्ये एकाच ओळीवर पाच प्रश्नचिन्हं दिसली की लेखक त्या ओळीशी वाद घालत बसत नाही.

चहा पिऊन निघणाऱ्याचा बंदोबस्तही इथेच होतो. तुमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी बघा. महिन्याच्या महिन्याला प्रत्येकीने हप्ता भरायचा, चिठ्ठी निघेल तिने रक्कम उचलायची. उचलून झाल्यावर हप्ते बुडवणारीला पुढच्या भिशीत कोण घेतं? तिच्या स्वभावावर चर्चा होत नाही, की तिला समजावून सांगायला कुणी जात नाही. हिशेब उघड असतो. तुमच्या कट्ट्यातला हप्ता म्हणजे दुसऱ्याच्या कथेवर घरी घातलेला तास. खुणा केलेल्या चार प्रती परत दिल्या की स्वतःची एक कथा पुढे करायचा हक्क मिळतो. वहीत नावापुढे काड्या मारा आणि वही मध्यभागी ठेवा. तो गृहस्थ एकतर वाचायला लागेल किंवा घरी चहा पिईल.

आता बैठकीत बोलायचं कसं.

१९५६ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्वेनियातल्या मिलफर्ड या छोट्या गावात, डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश या विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी पुढाकार घेऊन लेखकांची एक बैठक भरवली. पुढे ती दरवर्षी भरत राहिली, आणि ब्लिश इंग्लंडला राहायला गेल्यावर १९७२ मध्ये तिथेही सुरू झाली. १९६८ पासून क्लॅरियन नावाने चालणाऱ्या सहा आठवड्यांच्या शिबिरानेही तीच रीत उचलली. रीत अगदी साधी आहे. गोल बसायचं. प्रत्येकाने आपल्या पाळीला, ठरलेल्या मिनिटांत, कुणीही मध्ये न बोलता बोलायचं. ज्याची कथा आहे त्याने तोवर एक शब्द काढायचा नाही. सगळ्यांचं झालं की तो बोलणार, तेही ठरलेल्या वेळात. इतकंच. जगभरातले बरेच विज्ञानकथावाले आजही साधारण असंच बसतात.

लेखकाने तोंड बंद ठेवायचं हे आपल्या माणसांना फार जड जातं. ‘नाही नाही, मला तिथे असं म्हणायचं होतं...’ हे वाक्य दातांमागे धरून ठेवणं म्हणजे शिंक दाबण्यासारखं आहे. पण अद्भुत लिहिणाऱ्याने तर ते दाबायलाच हवं. साधी कौटुंबिक कथा लिहिणाऱ्याला स्वयंपाकघर समजावून सांगावं लागत नाही, वाचकाच्या घरी ते असतंच. आपण मंगळावरची चाळ लिहितो. ती चाळ आपल्याला इतकी लख्ख दिसत असते की कागदावर तिचा जिना उतरलेलाच नाही हे लक्षातच येत नाही. बैठकीत तोंडी जिना बांधून दिला की सगळे ‘अच्छा, असं होय’ म्हणतात आणि लेखक खूश होतो. दिवाळी अंकाबरोबर लेखक घरोघर जाऊन जिना दाखवणार आहे का?

मिलफर्डच्या रिवाजात दोन फेरफार सुचवते. पहिला बोलण्याच्या क्रमाचा. आपल्याकडे वडीलधारं माणूस आधी बोललं की पुढचे ‘काका म्हणाले त्यात मला थोडी भरच घालायची आहे’ असं म्हणतात आणि भर काही घालत नाहीत. तेव्हा सर्वांत लहान माणसाने पहिल्यांदा बोलायचं आणि सर्वांत ज्येष्ठाने शेवटी. काकांना हे ‘समारोप तुम्ही करा’ असं सांगा. त्यांना मान वाटेल, आणि तो खराच मान आहे. वेळ सगळ्यांना सारखी, चार मिनिटं. ज्याच्या फोनवर गजर लावायचा तो दर महिन्याला बदलता ठेवा. एका महिन्याला तो फोन काकांचाच असू द्या. इतरांच्या मिनिटांवर पहारा केला की आपलीही कळतात. सहाजण बोलले म्हणजे चोवीस मिनिटं, लेखकाची सहा, उरलेली दहा मोकळ्या गप्पांना. चाळीस मिनिटांत एक कथा होते. काकांनी त्या दिवशी एकट्याने घेतली तेवढी.

दुसरा फेरफार नवख्यांसाठी. पहिल्यांदा कथा आणणाऱ्याला पूर्ण गप्प बसवणं मला निष्ठुर वाटतं. त्याला सुरुवातीला एक प्रश्न विचारू द्या. ‘आजी खरंच बाजारात गेली की तिला स्वप्न पडलं, तुम्हाला काय वाटलं?’ असा नेमका प्रश्न हवा. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न नव्हे, ती ‘छान’ची मागणी आहे. लिझ लेरमन नावाच्या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास अभिप्रायाची एक पद्धत बसवली. तिच्यात मत देण्याआधी परवानगी मागतात. ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय?’ ऐकायला हे नाटकी वाटतं, पहिल्या महिन्यात तुम्हाला हसूही येईल. पण ‘आत्ता नको’ म्हणायची मुभा आहे हे कळलं की नवखा माणूस बहुतेक वेळा ‘हो’च म्हणतो.

‘छान’वाल्यांना दोष देऊ नका. आपण लहानपणापासून एकतर कौतुक ऐकलेलं असतं किंवा ओरडा, तिसरं काही कानावर पडलेलंच नसतं. त्यांना मत मागूच नका, वाचताना काय झालं ते मागा. कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? कुठे पाणी प्यायला उठलात? हे जग आपल्यापेक्षा वेगळं आहे हे कोणत्या ओळीवर कळलं? शेवटचा प्रश्न आपल्या प्रांतातला सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. त्या मुलीच्या कथेत ती ओळ कोणती, मी सांगू शकते, आणि मी कथा वाचलेलीही नाही. ‘फक्त जुनी नाणी चालतात.’ पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर आपल्या बाजारात कायद्यानेच चालायचं बंद झालं. ज्या बाजारात फक्त तेच चालतं, तो बाजार कुणाचा हे समजावून सांगायची गरजच राहत नाही. आणि आजीने ती नाणी इतकी वर्षं जपून ठेवली, म्हणजे तिला हा बाजार भरतो हे आधीपासून ठाऊक होतं का? मी तिथे असते तर माझी चारही मिनिटं त्या रुमालावर घालवली असती.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण देते, मीच लिहिलेलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या माझ्या एका कथेत यानाचा कप्तान आपल्या सहकाऱ्याला सांगतो, “निखिल, तुला ठाऊकच आहे की २१४० च्या महापुरानंतर पृथ्वीवर फक्त तीनच शहरं उरली.” गटातला कॉलेजचा मुलगा शांतपणे म्हणाला, “निखिलला ठाऊक आहे तर त्याला सांगतोय कशाला?” त्यानंतर आमच्याकडे अशा वाक्याला ‘निखिल’ म्हणू लागले. समासात नुसतं ‘नि’ लिहिलं की पुरे. तुमच्या कट्ट्यातही असे शब्द आपोआप तयार होतील. ते झाले की गट रुळला म्हणून समजा.

आता काका. त्यांचं एक चुकलं, पण ते चूक काय बोलले यात नाही. पाण्याखालच्या गाळाबद्दल ते बरोबरच असतील. त्यांनी विज्ञानकथेची फूटपट्टी अद्भुतकथेला लावली. प्रत्येक कथा पहिल्या पानावर वाचकाशी काहीतरी ठरवते. ‘इथे पदार्थविज्ञानाचे नियम पाळले जातील’ असं ठरवून मग यान प्रकाशाच्या वेगाने पळवलं, तर काकांनी जरूर उठून उभं राहावं. पण ‘इथे बुडालेला बाजार भरतो’ असं ठरलेलं असताना गाळाची धारणक्षमता विचारणं म्हणजे भुताला आधार कार्ड मागणं. कथेला एक थाप माफ असते. दुसरी मात्र नाही. त्या बाजारात आजीने यूपीआयने पैसे दिले असते, तर ती कथेतली खरी चूक. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकात वैज्ञानिक आणि भुताखेतांच्या कथा एकाच अंकात शेजारी शेजारी नांदत. वाचकांचा त्यावरून गोंधळ झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. तेव्हा कथेच्या पहिल्या पानावर लेखकाने एक शब्द लिहायचा : विज्ञान, गूढ, भय, अद्भुत, किंवा ‘माहीत नाही’. पाचवा पर्यायही मोलाचा आहे.

पण मला जास्त बोचलं ते वेगळंच. काका पाटबंधारे खात्यात होते. उजनी मायनसमध्ये गेल्यावर तो गाळ कसा सुकतो, कुठे तडकतो, किती आतपर्यंत चालता येतं, शिंपले कुठे सापडतात, पहिल्या दिवशी वास कसला येतो, हे सगळं त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत असणार. उजनीच्या पाण्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं की आपण फोटो काढायला जातो. ते त्या भागात कामासाठी हिंडले असतील. त्या मुलीला हे सोन्यासारखं होतं. तेच ज्ञान ‘असं होऊच शकत नाही’ म्हणून तिच्या अंगावर गेलं. जाणकार माणूस कथा लिहिण्याआधी किंवा पुनर्लेखनाच्या वेळी भेटला तर तो खजिना असतो. मसुदा वाचला जात असताना भेटला तर तो परीक्षक होतो. काकांकडे हे असंच मागा, अगदी याच शब्दांत : “काका, कथेवर बोलताना शास्त्राच्या चुका कागदावर लिहून द्याल का? आणि ज्याला हवं असेल त्याला बैठकीनंतर अर्धा तास द्याल का? तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.” हे एकटे जाऊन सांगा, ग्रुपवर लिहू नका. बैठकीच्या आदल्या संध्याकाळीही नको.

आणि जागा बदला. दर महिन्याला नको, एकाआड एक पुरे. यजमानाला ‘वेळ संपली’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही, पोहे तोंडात असताना तर मुळीच नाही. वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग, कुणाची गच्ची, काहीही चालेल. जाता जाता : दोन वर्षं दर दुसऱ्या रविवारी एवढ्या माणसांचे पोहे करायला आवडतं का, हे काकूंना कुणी विचारलंय का? बिस्किटं आणा. किंवा काकूंना विचारा, त्या काही लिहितात का.

एक अवघड गोष्ट विचारते. ती कथा एखाद्या निवृत्त प्राध्यापकांनी वाचली असती, तर काकांनी तिसऱ्या पानावर ‘एक मिनिट’ म्हटलं असतं? काका मुद्दाम काही करत नाहीत, हे मान्य. पण बावीस वर्षांच्या मुलीला मध्येच थांबवायला आपल्यापैकी कुणालाच फार विचार करावा लागत नाही, आणि त्या चाळीस मिनिटांत उरलेले पाचजण गप्प बसले होते. तुम्हीसुद्धा.

यावर एक जुना मराठी उपाय आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. तोवर नारळीकर हे नाव घरोघरी पोचलेलं होतं. नावासकट कथा पाठवली असती तर परीक्षकांनी कथा वाचली असती की नाव, अशी शंका राहिलीच असती. त्यांनी ती ठेवली नाही. तुम्ही दोन-तीन महिने कथा बिननावाच्या फिरवून बघा. सातजणांत शैली लवकर ओळखू येते, तिसऱ्या कथेला सगळे बरोबर ओळखतील. पण तोवर काकांनी एकदा तरी स्वतःपेक्षा चाळीस वर्षांनी लहान माणसाची कथा समवयस्काची समजून वाचलेली असेल.

हे सगळं शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. आमच्या पुण्यातल्या गटात एका मैत्रिणीच्या कथेचा शेवट मला पटला नव्हता. मी तो बैठकीतच तोंडी बदलून दाखवला. सगळ्यांना आवडला, तिलाही. तिने तसाच लिहिला, एका दिवाळी अंकात कथा छापूनही आली. मी अभिनंदनाला फोन केला तर म्हणाली, “तुमचीच कथा आहे ती.” त्यात राग नव्हता. नंतर तिने गटात काही आणलं नाही. कथेला कुठे दुखतंय हे वाचकाने जरूर सांगावं. औषध सुचवायचा मोह झाला की मी अजूनही दोन्ही हातांनी चहाचा कप धरते.

मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचा एक खास खेळ असतो, तो तुमच्याकडेही असणार. वर्महोल म्हणायचं की कृमिविवर? रोबो की यंत्रमानव? अंतराळ की अवकाश? यावर एक अख्खा रविवार जाऊ शकतो, आमचे दोन गेले आहेत. शब्द बोलतंय कोण यावर तो ठरू द्या. बार्शीचा मेकॅनिक ‘रोबो’च म्हणेल आणि १९७० सालातला मास्तर ‘यंत्रमानव’. निवेदकाने एक शब्द धरावा आणि शेवटपर्यंत सोडू नये. या विषयाला पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका.

कल्पना चोरीला जाईल म्हणून कथा न दाखवणाऱ्या गृहस्थांना सांगा, नुसत्या कल्पनेवर कुणाचा मालकी हक्क नसतोच. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कॉपीराइट असतो तो कल्पना मांडण्याच्या रीतीवर, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या शब्दांवर, प्रसंगांच्या रचनेवर. आणि तो लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणी केली नाही तरी. बुडालेल्या गावाची कल्पना तुमच्या सातहीजणांना दिली तर सात वेगळ्या कथा होतील. चार आणे रुमालात बांधलेली आजी एकीलाच सुचेल. त्यांची भीती खरी करणारी गोष्ट दुसरी आहे, ती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. एकाने कौतुकाने कथा मेव्हणीला पाठवली की तिसऱ्या फॉरवर्डला लेखकाचं नाव गळतं, आणि महिन्याभरात ती ‘अप्रतिम कथा, नक्की वाचा’ म्हणून लेखकाकडेच परत येते. मग अप्रकाशित कथा मागणाऱ्या संपादकाला काय सांगणार? कागदाच्या बाजूने हे आणखी एक कारण. प्रती मोजून द्या आणि मोजून परत घ्या. एवढं करूनही त्यांना दाखवायचं नसेल तर दुसऱ्यांच्या प्रती वाचू द्या, खुणा करू द्या. वर्षभरात त्यांना स्वतःलाच राहवणार नाही.

हल्ली एखादा सदस्य घरी कथा न वाचता ती एआयला देतो आणि त्याने काढलेले मुद्दे बैठकीत वाचून दाखवतो. तुमच्याकडे अजून झालं नसेल तर होईल. मुद्दे गुळगुळीत असतात म्हणून मी वैतागत नाही. माझी कथा वाचताना तो पाणी प्यायला कुठे उठला, हे मला त्यातून कळत नाही. भिशीच्या वहीत अशा प्रतीला काडी नाही.

कादंबरी आणणाऱ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो येणारच. तीन हजार शब्दांचा एक तुकडा, मागच्या कथानकाच्या चार ओळी, बस्स.

वर्षाची आखणी दिवाळी अंकांच्या हिशेबाने करा. बरेच संपादक कथा उन्हाळा ते पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत मागतात. म्हणजे जानेवारी ते एप्रिल नव्या कथा, आणि मे-जूनमध्ये त्याच कथांचे दुसरे मसुदे. दुसरा मसुदा वाचायला मिळाला नाही तर गटाला आपलं बोलणं कुठे गेलं ते कळतच नाही, आणि मग माणसं पुन्हा ‘छान’वर येतात.

हे सगळं पुढच्या महिन्यापासून. या आठवड्यात एकच काम आहे. त्या मुलीला फोन करा. मेसेज नको, फोन. सगळ्यांच्या वतीने माफी मागू नका, काकांची बाजूही मांडू नका, ‘मनावर घेऊ नकोस’ तर अजिबात म्हणू नका. आजी रुमालात नाणी बांधून निघाली तिथे कथा थांबली आहे. बाजारात तिने काय घेतलं, कुणाकडून घेतलं, परत आली की नाही, हे तुमच्यापैकी एकालाही माहीत नाही, आणि पत्र वाचल्यापासून मीही त्यातच अडकले आहे. तिला म्हणा, उरलेली पानं पाठव.

– तुमची सदरलेखिका